पालथा पेला



एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "मुलीचे नर्सिंग पुरे झाले. आता एका संस्थेमार्फत सहा महिने परदेशातल्या खेड्यात, तिथल्याच एका कुटुंबात राहून सेवा करायची म्हणते. परक्या घरात तिचे कसे होईल? पाठवावी का?" या प्रश्नाला पुस्तकातले उत्तर देण्यापेक्षा आमच्यावर गुदरलेलेच सांगतो.

2016 साली आम्ही शाळेतून निवृत्त झालो आणि त्याच पावसाळ्यात तीन महिने नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात राहून आलो. आदल्या वर्षी, 25 एप्रिल 2015 ला, तिथे 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्याचे केंद्र याच जिल्ह्यातल्या बारपाकजवळ. सुमारे नऊ हजार माणसे गेली, लाखो घरे पडली, शाळाही पडल्या. बांबू-पत्र्याच्या वर्गांत लहान मुलांना शिकवायला माणसे हवी होती, म्हणून गेलो. आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. लुंबिनीला जाऊन आलेल्या वाचकांना ती वाट ठाऊक असेल. रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौली, आणि कमानीखालून चालत पलीकडे. यात्रेकरूंची गाडी लुंबिनी दाखवून परत फिरते. आम्ही पुढे डोंगरात गेलो.

संस्थेने आमची सोय एका छेत्री कुटुंबात केली होती. जेवणाखाण्याचे पैसे संस्था त्यांना देई. दगडमातीचे जुने घर पडलेले, म्हणून शेजारीच पत्र्याची शेड उभारलेली. तिला ते 'टहरा' म्हणत. घर बांधायला सरकारकडून हप्त्यांत मिळायच्या पैशांची वाट पाहणे चालू होते. घरात बा, आमा, सून आणि सहा वर्षांची नात. मुलगा कतारला मजुरीवर. आमा आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. ती आम्हाला 'बहिनी' म्हणे. बहिनी म्हणजे धाकटी बहीण.

पहाटे कोंबडा आरवला की घर उठे. चहा पिऊन सून पाठीवर डोको घेई. डोको म्हणजे बांबूची मोठी टोपली. तिचा पट्टा कपाळावर घेऊन भार पेलायचा. डोंगर उतरून म्हशीचे गवत आणायचे आणि भरल्या टोपलीने पुन्हा चढायचे. आम्ही एकदा हौसेने डोको घेतला आणि दोन दिवस मान वळेना. पावसात पायाला जळवा लागत. त्यासाठी मिठाची पुरचुंडी कमरेला बांधून फिरावे लागे.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास डाळ-भात आणि भाजी. संध्याकाळी पुन्हा तेच. मधे भाजलेला मका किंवा पोहे. कधी नाचणीच्या पिठाचा घट्ट ढिंडो. ते नाचणीला 'कोदो' म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आमचा गोंधळ झाला. त्याच्यासोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे आंबट कालवण. वाटेत कुणी भेटला की नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न, "भात खायो?" भुकेची चौकशी हाच तिथला रामराम. असार महिन्याच्या पंधराव्या दिवशी भातलावणीचा सण असतो. त्या दिवशी चिखलाने माखून सगळ्यांबरोबर बांधावर दही-पोहे खाल्ले. इतके सुखाचे जेवण आम्ही क्वचितच जेवलो असू.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्याच संध्याकाळी आमाने आमचे आडनाव विचारले. सांगितले. तिला उलगडा होईना. मग तिने सरळ जात विचारली. आम्ही म्हणालो, "बौद्ध." आमाचा चेहरा खुलला. त्या डोंगरात बौद्ध म्हणजे गुरुंग, तामांग, गुंफेत जाणारे लोक. त्यांच्या हातचे पाणी चालते. टहऱ्याच्या एका कोपऱ्यात चूल होती आणि तिच्याभोवती वीतभर उंच मातीची कड लिंपलेली होती. आमाने आम्हाला त्या कडेच्या अगदी शेजारी बसवून वाढले.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. पण तिला जे समजले ते खरे नव्हते, आणि ते आम्हाला कळले होते. गप्प राहिलो. प्रवासाचा शीण, नवे घर, आणि वाफाळता भात समोर. कारणे पुष्कळ सापडतात.

चार दिवसांनी विळे शेवटायला गावचा कामी आला. कामी म्हणजे लोहार. तिथे कामी, सार्की, दमाई हे अस्पृश्य मानले जातात. तो वर्षभर घरोघरची अवजारे करून देतो आणि सुगीला प्रत्येक घरून ठरलेले धान्य नेतो. या रिवाजाला 'बालीघरे' म्हणतात. आपल्या वाडवडिलांचे बलुते ते हेच. म्हातारा अंगणात बसला. आमाने लांबून चहा दिला. तो प्याला, पेला स्वतः विसळला आणि पडक्या भिंतीवर पालथा घातला. तो पेला तिथेच राहिला, त्याच्या पुढच्या खेपेसाठी.

आमच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. आजोबा त्यातून चहा पीत. हा पेला पाहिला आणि तो कप आठवला. फरक एवढाच, की या वेळी आम्ही आतल्या बाजूला बसलो होतो.

नेपाळात कायदा नाही असे नाही. 1854 च्या मुलुकी ऐनाने कोण शिवायचा आणि कोणाचे पाणी चालते हे लिहून ठरवले होते. 1963 च्या नव्या ऐनाने तो भेद काढून टाकला. 2011 साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा करणारा वेगळा कायदा झाला, आणि 2015 च्या राज्यघटनेतही तो हक्क आहे. तरी नळावर कामी टोल्यातल्या बायका आपली घागर लांब ठेवून उभ्या राहत. इतरांचे भरून झाले की मग पुढे येत. चवदार तळ्याचा इतिहास आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकवला. त्या नळावर मात्र महिनाभर आमची घागर आधी भरत होती.

एका रात्री झोप लागेना. सकाळी भाताची ताटे वाढायच्या आधीच आमाला सांगितले, "आमा, आम्ही गुरुंगांसारखे बौद्ध नाही. आमचे आजोबा त्या भिंतीपाशी बसत. बाबासाहेब आंबेडकरांनी 1956 साली आमच्या लोकांना बौद्ध धम्म दिला, म्हणून आम्ही बौद्ध." आमची मोडकी नेपाळी तिला कितपत कळली ठाऊक नाही. पण भिंतीकडे दाखवलेला हात तिला कळला.

ती काही बोलली नाही. त्या दिवशी आमचे ताट बाहेर पडवीत आले. दुसऱ्या दिवशीही. भात तितकाच गरम, डाळ तितकीच. बा नजर चुकवून शेताकडे जात. संस्थेला कळवून दुसरे घर मागावे असे एकदा मनात आले. मग म्हटले, घर बदलले तरी भिंत तीच असणार. ताट धुऊन आम्ही तो पालथा पेलाही घेतला, राखेने घासला आणि पुन्हा जागेवर ठेवला. आमा बघत होती.

तिसऱ्या दिवशी सून आपले ताट घेऊन आमच्या शेजारी येऊन बसली. तिची पाळी सुरू झाली होती. चार दिवस ती चुलीपाशी जात नसे. त्या अवस्थेला ते 'नछुने' म्हणतात, म्हणजे शिवायचे नाही अशी. ती हळूच म्हणाली, "भूकंपानंतर सगळे गाव महिनाभर एकाच शेतात ताडपत्रीखाली निजत होते. तेव्हा कोण कुठे बसले कुणी पाहिले नाही. टहरा झाला आणि सासूबाईंनी आधी चुलीची कड लिंपली."

तेवढ्यात नात आली. आम्हा दोघींना बाहेर बसलेल्या पाहून तिने आत ओरडून विचारले, "हजुरआमा, या आजीपण नछुने आहेत का?"

आमचे वय अठ्ठावन्न. सून हसून लोटपोट झाली. आम्हीही हसलो. आतून आमाच्या हसण्याचा आवाज आला, आणि मग तो एकदम थांबला. संध्याकाळी पावसाची झड पडवीत येऊ लागली. आमा दारात उभी राहून म्हणाली, "बहिनी, भित्र आउनुस्." आत या. सून मात्र दोन दिवस बाहेरच जेवली. आम्ही आत गेलो, पण कडेपासून थोडे लांब, दाराजवळ बसलो, म्हणजे तिच्याशी बोलता येई.

कामी पुन्हा आला तेव्हाही तो अंगणातच बसला. मातीची कड आम्ही निघालो त्या दिवशीही होती. बदल झाला तो एकच. म्हाताऱ्याने चहा पिऊन पेला विसळायला घेतला तेव्हा आमाने तो मागून घेतला, आमच्या पेल्याबरोबर धुतला आणि मांडणीवर उपडा घातला. म्हातारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. पुढे काय झाले आम्हाला माहीत नाही.

तेव्हा भगिनींनो, मुलीला पाठवा. परके घर उपाशी ठेवत नाही. माया लावते आणि जाताना रडवते. तिला दोन गोष्टी मात्र सांगा. एक, कुणी 'तू कोण' म्हणून विचारले तर अर्धे उत्तर देऊ नकोस. आमचा एक महिना तसा गेला, तो आजही सलतो. दुसरी, त्या घरात बाहेर कोण जेवते ते पहिल्याच दिवशी बघून ठेव.

आणि पावसाळ्यात डोंगरात जाणार असेल, तर पिशवीत मिठाची पुरचुंडी द्यायला विसरू नका.