'कॉमिकेट'ला जाताय? ग्राहक म्हणून जाऊ नका!

- विशेष प्रतिनिधी

दूरचित्रवाणीवर 'डोरेमॉन' आणि 'शिन-चॅन' पाहत वाढलेली आपल्याकडची पिढी आता शिक्षण, नोकरी वा पर्यटनासाठी जपानला जाऊ लागली आहे. जपानी सचित्रकथा आणि अ‍ॅनिमेपट यांचे वेड असलेल्यांच्या प्रवासयादीत टोकियोतील 'कॉमिक मार्केट' ऊर्फ 'कॉमिकेट'चे नाव हमखास असते. ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या अखेरीस 'टोकियो बिग साइट' या संकुलात हा मेळा भरतो. मात्र, व्यापारी प्रदर्शनाची कल्पना मनात बाळगून तेथे पाऊल टाकणाऱ्या नवख्याची पंचाईत होण्याचीच शक्यता अधिक.

डिसेंबर १९७५मध्ये पहिले कॉमिकेट भरले, तेव्हा त्यात अवघे ३२ गट होते आणि उपस्थिती होती सुमारे ७००. डिसेंबर २०१९मध्ये चार दिवसांची उपस्थिती साडेसात लाखांच्या घरात गेली. करोनामुळे २०२०मध्ये मेळा भरू शकला नाही. डिसेंबर २०२१मध्ये तो मर्यादित उपस्थितीत पुन्हा सुरू झाला. कंपन्यांची दालने येथे असली, तरी मेळ्याचा कणा आहे तो 'दोजिनशी', म्हणजे हौशी चित्रकार-लेखकांनी पदरमोड करून छापलेल्या पुस्तिका. व्यवस्थेचा भारही स्वयंसेवकच वाहतात. म्हणूनच 'ग्राहक' हा शब्द संयोजकांना मान्य नाही. विकणारा, विकत घेणारा आणि रांग लावणारा, असे सारेच 'सहभागी' मानले जातात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्वप्रथम प्रवेशाचे नियम तपासावेत. ते दर खेपेस बदलू शकतात. सकाळच्या प्रवेशासाठी आगाऊ तिकीट घ्यावे लागते. रात्रभर बाहेर मुक्काम ठोकून रांग धरण्यास सक्त मनाई आहे. हजारो गटांमधून आपल्याला हवे ते गट आधीच सूचीतून शोधून नकाशावर नोंदवून ठेवावेत; आयत्या वेळी शोधाशोध करण्यात दिवस निघून जातो. सुटे पैसे जवळ असणे अत्यावश्यक. एक हजार येनच्या नोटा आणि शंभर-पाचशेची नाणी पुरेशी बाळगावीत. एकट्या चित्रकाराच्या टेबलावर दहा हजारांची नोट पुढे केल्यास मागची रांग अडते. मांडलेली पुस्तिका चाळण्यापूर्वी 'पाहू का?' असे विचारण्याची रीत आहे. धावू नये, ही सूचना तर दिवसभर कानी पडते.

हे संकुल टोकियोच्या उपसागरालगत भराव टाकलेल्या जमिनीवर आहे. त्यामुळे उघड्यावरच्या रांगेत ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि डिसेंबरमध्ये बोचरे वारे सोसावे लागतात. पाणी, थोडे खाणे आणि ऋतूनुसार टोपी वा उबदार कपडे यांना पर्याय नाही. आवडत्या पात्राची वेशभूषा करायची असल्यास ती घरून करून येता येत नाही. संकुलातील कक्षातच कपडे बदलावे लागतात. छायाचित्र काढायचे, तर संबंधिताची परवानगी हवी आणि तेही नेमून दिलेल्या जागी.

नवख्याला हा सारा काच वाटेल. पण त्यामागे कटू अनुभव आहे. १९८९मध्ये लहान मुलींच्या हत्यांप्रकरणी अटक झालेल्या एका तरुणाच्या घरी चित्रफितींचा मोठा साठा सापडला आणि जपानी प्रसारमाध्यमांनी सरसकट साऱ्या चाहत्यांनाच संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले. १९९१मध्ये काही पुस्तिकांतील अश्लीलतेवरून वाद पेटला आणि चिबा येथील 'माकुहारी मेस्से' हे सभागृह कॉमिकेटला गमवावे लागले. मेळा पुन्हा टोकियोतील हारुमीच्या जुन्या जागी न्यावा लागला. १९९६मध्ये तो 'बिग साइट'ला आला. प्रत्येक गटाने विक्रीपूर्वी नमुना प्रत संयोजकांकडे सादर करायची आणि तिची तपासणी व्हायची, हा दंडक आजही पाळला जातो.

कायद्याच्या बाबतीतही स्थिती नाजूकच आहे. अनेक दोजिनशी दुसऱ्याच्या लोकप्रिय पात्रांवर बेतलेल्या असतात. मूळ निर्मात्यांनी केलेला कानाडोळा हाच त्यांचा खरा आधार. डिसेंबर २०१८मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क भंगाच्या काही प्रकारांत तक्रारीविनाही खटला भरता येऊ लागला; मात्र, अशा हौशी पुस्तिका त्या कचाट्यात येऊ नयेत, याची काळजी तरतुदींतच घेण्यात आली. ही सवलत समाजाच्या सद्भावनेवर टिकून आहे. रांगेतील एक धक्काबुक्की किंवा विनापरवाना काढलेले एक छायाचित्र त्या सद्भावनेला तडा देऊ शकते.

मेळा सुरू झाल्याची आणि संपल्याची घोषणा होते, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. व्यासपीठावर कोणी नसते. नवख्यानेही त्या टाळ्यांत सामील व्हावे. मात्र तोवर आपला कचरा पिशवीत भरलेला असावा.