मस्कतच्या मुलाचे राज्य कोणते?

'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा रविवार ओमानमध्ये कामाचा दिवस असतो. शुक्रवार-शनिवारची सुटी संपलेली असते, त्यामुळे आई किंवा वडील रजा काढून केंद्रावर जातात. भारतात दुपारी दोनला सुरू होणारा पेपर मस्कतच्या घड्याळात साडेबाराला, ऐन उन्हात सुरू होतो. मस्कतमध्येच परीक्षा देण्याची ही सोयही सहज मिळालेली नाही. 2021 मध्ये परदेशातील पहिली केंद्रे कुवेत आणि दुबईत झाली. मस्कतची पाळी 2022 मध्ये आली, तोवर तिथल्या मुलांना परीक्षेसाठी ओमानबाहेर जावे लागे. 2024 च्या पहिल्या यादीतून परदेशातील सारीच शहरे गळाली. पालकांनी आवाज उठवल्यावर ती परत आली. परदेशातील केंद्रासाठी 2025 मध्ये या मुलांनी शुल्क भरले 9500 रुपये. भारतात खुल्या प्रवर्गासाठी ते 1700 रुपये होते.

एवढे करून गुण मिळाले, तरी खरी अडचण पुढे उभी असते आणि ती महाराष्ट्रानेच उभी केली आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, 85 टक्के राज्याच्या. महाराष्ट्रात या 85 टक्क्यांसाठी अधिवासाचा दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावीही राज्यातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. मस्कतच्या रुवी किंवा दारसैत भागात राहून भारतीय शाळेत शिकलेला मराठी मुलगा इथेच बाद होतो. त्याचे पारपत्र भारतीय, बोर्ड सीबीएसई, आजी-आजोबा सांगली नाहीतर चिपळूणला. तरी राज्याच्या यादीत त्याला जागा नाही.

त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मल्याळी मित्राचे काय होते ते पाहा. केरळमध्ये आई-वडिलांपैकी एकाचा जन्म केरळात झाल्याचा पुरावा दिला की मूल 'केरळीय' ठरते, मग ते मस्कतला शिकलेले असो वा सलालाहला. शाळा एक, गुणही एकसारखे. मल्याळी मुलगा राज्याच्या जागेसाठी रांगेत उभा राहतो आणि मराठी मुलाला 'तू अनिवासी, तुझा कोटा वेगळा' असे सांगितले जाते.

तो वेगळा कोटा परवडतो कुणाला? पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये खासगी महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी 15 टक्क्यांपर्यंत जागांना मुभा दिली. त्यांचे शुल्क नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट असते. अनिवासी म्हणजे पैसेवाला, हे या व्यवस्थेमागचे गृहीतक आहे. ओमानमधला मराठी माणूस परिचारक असतो, वीजतंत्री असतो, गोदामात हिशेब ठेवणारा असतो. निव्वळ पोटासाठी गेलेल्या या माणसाला तिथे नागरिकत्व मिळणार नाही, निवृत्तीनंतर तो परत येणार आहे. मोठ्या पगाराच्या मूठभरांकडे बघून साऱ्यांसाठी नियम करणे अन्यायाचे आहे.

ओमानमध्येच शिकावे म्हटले, तर सुलतान काबूस विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय (1986) मुख्यतः ओमानी विद्यार्थ्यांसाठी आहे. सोहारला खासगी महाविद्यालय आहे. मात्र तिथली पदवी घेऊन भारतात काम करायचे तर 2021 च्या नियमांप्रमाणे किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच देशात 12 महिन्यांची आंतरवासिता, तिथे व्यवसाय करण्यास पात्र ठरवणारी नोंदणी आणि भारतातील परवाना परीक्षा, एवढे सारे पार करावे लागते.

म्हणून अनेक घरे आठवी-नववीतच दुभंगतात. दहावी महाराष्ट्रातून व्हावी म्हणून आई मुलाला घेऊन पुण्याला किंवा कोल्हापूरला परतते, वडील मस्कतला खोलीत एकटे राहतात. हे ठाऊक असलेले निदान निवड तरी करू शकतात. ज्यांना अकरावीत कळते, त्यांच्या हाती काहीच उरलेले नसते. तिथल्या भारतीय शाळांनी आणि महाराष्ट्र मंडळाने आठवीच्या पालकांना एकत्र बसवून ही अट स्पष्ट सांगावी. शिकवणीच्या जाहिराती ते सांगणार नाहीत.

अटीमागचा हेतू आम्हाला मान्य आहे. दोन राज्यांचे दाखले काढून दोन्हीकडे हक्क सांगणाऱ्यांना अडवायलाच हवे. पण ज्याला दुसरे राज्यच नाही, त्याला ही अट कशासाठी? वडिलांच्या बदलीमुळे राज्याबाहेर शिकलेल्या सीमा सुरक्षा दलातील जवानाच्या मुलाला मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात प्रवेश देवविला आणि लाखाची भरपाईही. जवानाची बदली सरकार करते, आखातातली नोकरी माणूस स्वतः पत्करतो, हा फरक आहेच. मुलाच्या बाजूने मात्र दोन्ही सारखेच. शाळा कुठे असावी हे त्याने ठरवलेले नसते.

राज्य सरकारने पुढील प्रवेश पुस्तिका निघण्यापूर्वी एक कलम घालावे: आई किंवा वडील जन्माने महाराष्ट्राचे, मूल भारतीय नागरिक आणि दहावी-बारावी परदेशातील भारतीय शाळेतून, तर ते राज्याच्या 85 टक्क्यांत पात्र. गुणांची स्पर्धा तीच राहील. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावरच्या एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचे बंधपत्रही तेच राहील. मस्कतहून आलेली मुलगी ते वर्ष इतरांसारखेच गडचिरोलीत किंवा धडगावात काढेल.