उचलणारे कोणीतरी असतेच

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या, ठाण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या मोठ्या मॉलच्या तळघरात, जिथे गाड्या लावतात तिथे, घटकाभर उभे राहावे. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, खांबाला टेकवून, उताराच्या तोंडाशी, अपंगांसाठी राखून ठेवलेल्या जागेत रिकाम्या ट्रॉल्या सोडलेल्या दिसतील. एखादीत चुरगळलेले बिल, एखादीत मुलाने अर्धवट पिऊन टाकलेले ज्यूसचे खोके. महिन्याचा किराणा डिकीत गेला की ट्रॉलीशी असलेला आपला संबंध तुटतो. ती परत लावायची जागा बहुधा लिफ्टजवळ, थोड्याच पावलांवर असते. पण तेवढे चालणाऱ्या माणसाकडे आपण किंचित नवलाने पाहतो.

कोणी हटकलेच, तर उत्तर तयार असते: ‘लहान मूल आहे हो बरोबर.’ ही सबब हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यात एका ठिकाणी अगदी खरे दुःख आहे. ट्रॉलीचा जन्म 1937 साली अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीमध्ये झाला. सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती आपल्या दुकानांत आणली, तेव्हा गिऱ्हाइके तिला हात लावीनात; बाबागाड्या ढकलून थकलेल्या बायकांना आणखी एक गाडी नको होती, असे सांगतात. पुढे त्याच ट्रॉलीत मुलाला बसवायची जागा आली आणि आईचा प्रश्न अर्धाच सुटला. त्या देशात ऐन उन्हात, मैदानाएवढ्या पार्किंगमध्ये, दोन लेकरांना घेऊन एकटीच आलेली बाई खरोखर पेचात सापडते. मुलांना गाडीत बसवून ट्रॉली ठेवायला जावे, तर बंद गाडीतले तापमान 10 मिनिटांत सुमारे 10 अंश सेल्सिअसने चढते. तापलेल्या गाडीत राहून तिथे वर्षाला सरासरी 37 मुले दगावतात. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना मोठी माणसे गाडीत विसरलेली असतात हे खरे, पण ती धास्ती प्रत्येक आईच्या मनात घर करून असते. मुलांना ट्रॉलीतच ठेवून सामान लावावे, तर ट्रॉली कलंडून किंवा तिच्यातून पडून इजा झालेली हजारो मुले तिथल्या इस्पितळांत दरवर्षी येतात. अशा आईने ट्रॉली जागच्या जागी सोडली, तर तिला बोल लावणारा मी नव्हे. तिकडे एडिसनमधल्या किंवा सॅन होजेमधल्या मराठी मुली ट्रॉल्या परत लावायच्या खोपीशेजारचीच जागा हेरून गाडी लावतात. सामान आधी, ट्रॉली मग आणि मूल शेवटी, असा क्रम त्यांनी बसवून घेतला आहे. कोणी शिकवले नाही, गरजेने शिकवले.

आता त्या सबबीचे आपल्या तळघरात काय होते ते पाहा. इथे आई एकटी फार क्वचित असते. नवरा असतो, तो गाडी सुरू करून एसी लावून बसलेला असतो. आजी असते, कधी आत्या, मावशी असते. पुष्कळदा मूल सांभाळायला आणलेली बाईही असते. मूल तिच्याच कडेवर असते आणि दुसऱ्या हातात पिशवी असते. मोठी अशी चार-पाच माणसे मोकळ्या हातांनी उभी असताना आपण दोन वर्षांच्या बाळाला पुढे करतो. ज्या अडचणीत दुसरी आई खरोखर अडकलेली आहे, तिच्या अडचणीचा उसना दाखला काढून आपण आपला आळस झाकतो.

त्यातही अधिक वाईट गोष्ट पुढेच आहे. मूल बरोबर असणे ही अडचण नाहीच. ती संधी आहे. चार वर्षांच्या मुलाला ट्रॉली ढकलण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नसतो. परवा एका तळघरात असाच एक मुलगा, डोके जेमतेम दांडीला लागेल एवढा, रिकामी ट्रॉली दोन्ही हातांनी रेटत लिफ्टकडे निघाला होता. चाक वाकडे जात होते, तो थांबून ते सरळ करत होता. वडिलांनी हाक मारली, ‘सोड रे ते, माणूस आहे त्याला.’ मुलाने ट्रॉली सोडली. ती उतारावर थोडी घरंगळली आणि एका स्कूटरला लागून थांबली. वडील दुष्ट नव्हते. चांगले शिकलेले, मुलाच्या शाळेच्या फीसाठी राबणारे, घरी त्याला थोरांची चरित्रे वाचून दाखवणारे गृहस्थ असतील. त्यांनी मुलाला तेच दिले, जे त्यांना त्यांच्या वडिलांनी दिले होते.

कारण ही सवय मॉलबरोबर आलेली नाही. भारतात मॉल येऊन पाव शतक होऊन गेले. ही सवय त्याच्या कितीतरी पिढ्या आधीची आहे. जेवून उठावे आणि उष्टी घरातल्या बाईने काढावीत. अंगणातला केर, गावातले मेलेले जनावर, शहरातला मैला ज्याच्या त्याच्या जातीने उचलावा. आपण वापरायचे आणि मागचे कोणी दुसऱ्याने आवरायचे, ही वाटणी आपण धर्म म्हणून पाळली. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध 1993 साली एक कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला. तरी गटारात गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतोच. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आपण त्यांचे कीर्तन डोक्यावर घेतले, त्यांच्या नावाने स्वच्छतेचे अभियान काढले आणि झाडू मात्र पुन्हा ज्याच्या हाती होता त्याच्याच हाती दिला. ट्रॉली ही त्या मानाने किरकोळ गोष्ट आहे, हे मलाही कळते. पण ‘माणूस आहे त्याला’ या चार वर्षांच्या वयात कानी पडलेल्या वाक्यातूनच पुढचे सगळे निघते.

तो माणूस कोण, हेही एकदा पाहायला हवे. बहुधा मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला, ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारा विशीतला पोरगा. वीस-पंचवीस ट्रॉल्यांची माळ करून ती अंगाच्या जोराने चढावर नेतो. आपण मागून हॉर्न वाजवतो. आपण ट्रॉल्या जागेवर लावल्या तर त्याची नोकरी जाईल, असा युक्तिवाद पुष्कळ सुशिक्षित लोक करतात. नोकरी जाणार नाही. लावलेल्या ट्रॉल्या वर न्यायला तो लागणारच. फक्त धुराने कोंदलेल्या तळघरात गाड्यांमधून वाकत एकेक ट्रॉली शोधणे वाचेल. आणि त्याच्या पोटाची एवढी काळजी वाहणाऱ्या आपण त्याला कधी नावाने हाक मारली आहे?

खरोखर एकटी आलेली आईही आपल्याकडे आता वाढते आहे. मूल खांद्यावर झोपलेले, सामान खाली उतरवायचे, अशा वेळी शेजारच्या गाडीतले आपण काचेआडून पाहत राहतो. ‘द्या ताई, मी नेऊन ठेवतो,’ एवढे म्हणायला कोणता कायदा लागतो? मॉलवाल्यांनी प्रत्येक मजल्यावर ट्रॉलीची जागा करावी आणि तिच्याजवळच्या चार जागा लहान मुलांबरोबर आलेल्यांसाठी राखाव्यात, ही मागणी रास्त आहे, ती करावीच. तोवर गाडीत बसलेल्या बापाने एसी बंद करून खाली उतरावे.

हे होईल, याविषयी मला शंका नाही. आपल्या आजोबांच्या पंगतीत स्वतःचे उष्टे पात्र स्वतः उचलणारा यजमानाचा अपमान करी. आज लग्नाच्या बुफेत नवरदेवाचा मामासुद्धा खरकटी थाळी स्वतः टबात नेऊन टाकतो आणि त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही. मुंबईकर बेस्टच्या थांब्यावर रांग लावायला शिकला. तेव्हा येत्या रविवारी मुलाला दांडी धरू द्यावी. चाक वाकडे जाईल, पोहोचायला दुप्पट वेळ लागेल, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवील. वाजवू द्यावा.