हरलेल्या मालाला साथ कोणासाठी?

नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात ज्यांच्या घरचे कोणी आखातात नोकरीला होते, त्यांना ऐंशीच्या दशकातील सुट्टीचे दिवस आठवत असतील. पेट्या उघडल्या की आधी ब्लँकेट, मग टेपरेकॉर्डर आणि ऐपत असली तर व्हीसीआर निघायचा. त्याच व्हीसीआरवर पुढे घरातल्या निकाहांच्या कॅसेटी पाहिल्या गेल्या. आज कॅसेट कपाटात आहे, यंत्र माळ्यावर आहे आणि नवे यंत्र बाजारात मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. बनवणाऱ्यांत ती शेवटची होती.

यावरून आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे एक प्रश्न मांडावासा वाटतो. बाजारात दोन पद्धतींचा झगडा होऊन एक हरली, तर हरलेला माल बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने त्याला साथ द्यावी काय, आणि द्यायची तर कोणासाठी?

या प्रश्नाला सर्वांत चांगला दाखला तोशिबाच्या एचडी डीव्हीडीचा आहे. साध्या डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्र देणारी ही तबकडी २००६ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी सोनी आणि तिच्या साथीदारांची ब्लू-रे आली. एचडी डीव्हीडीच्या एका थरावर १५ जीबी मजकूर मावे, ब्लू-रेच्या थरावर २५. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालत नसे. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या मोठ्या चित्रपट कंपनीने यापुढे फक्त ब्लू-रेच काढणार असे जाहीर केले आणि पारडे फिरले.

यानंतर जे घडले ते प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावे. जानेवारीच्या मध्यास तोशिबाने अमेरिकेत आपल्या यंत्रांचे भाव जवळपास निम्म्यापर्यंत उतरवले. स्वस्त मिळते म्हणून लोकांनी ती घेतली. १९ फेब्रुवारीला कंपनीचे अध्यक्ष अत्सुतोशी निशिदा यांनी हा धंदा बंद करत असल्याची घोषणा केली. ज्याने जानेवारीत यंत्र नेले, त्याच्या हाती महिन्याभरात असा माल राहिला ज्यासाठी नवे चित्रपट येणे थांबणार होते.

काही मंडळी म्हणतील, कंपनीने मैदान सोडायला नको होते. आम्हांस तसे वाटत नाही. हार कबूल करणे यात शरम नाही. तोशिबाने रडतकढत चार वर्षे काढली असती तर तिचाही पैसा बुडाला असता आणि गिऱ्हाईकांचाही. विकलेल्या यंत्रांची सेवा चालू ठेवू असेही तिने सांगितले, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो त्या मधल्या महिन्यावर. पाय डगमगत असताना भाव पाडून नव्या माणसाला आत ओढणे हा सौदा साफ नव्हे. मालातील खोट सांगून माल विकावा, ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने द्यायची गरज नाही.

दुकानदारांनी मात्र इथे चांगली वागणूक दाखवली. अमेरिकेतील बेस्ट बाय या दुकानांच्या साखळीने आपल्याकडून एचडी डीव्हीडीचे यंत्र नेलेल्यांना पन्नास डॉलरची भेटकार्डे दिली. जपानच्या एडिऑनने वरचा फरक घेऊन ब्लू-रेशी अदलाबदल करून दिली. चूक त्यांची नव्हती, पण गिऱ्हाईक त्यांचे होते.

दुसरा दाखला सोनीचा. तिची बीटामॅक्स १९७५ ची, व्हीएचएस त्यानंतरच्या वर्षीची. व्हीएचएस जिंकली आणि १९८८ मध्ये सोनी स्वतःच व्हीएचएस यंत्रे बनवू लागली. तरीही बीटामॅक्सच्या कोऱ्या कॅसेटी ती मार्च २०१६ पर्यंत पुरवत राहिली. ही साथ जुन्या गिऱ्हाइकासाठी होती. आमच्या मते सगळा फरक इथेच आहे. हरलेल्या मालाला जुन्या गिऱ्हाइकासाठी दिलेली साथ ही इमानदारी. नवे गिऱ्हाईक गाठण्यासाठी दिलेली साथ ही फसवणूक.

आणि जिंकलेल्याचे राज्य तरी किती टिकले? एलजीने २०२४ मध्ये ब्लू-रे यंत्रांचा धंदा सोडला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणे बंद केले. लोक आता चित्रपट मोबाइलवर पाहतात.

आपल्याकडे एचडी डीव्हीडी फारशी पोहोचलीच नाही, मग हे पुराण कशाला, असे कोणी विचारील. याचे कारण असे की नवा झगडा दारात आहे. बॅटरीच्या स्कूटरची एजन्सी घ्या म्हणून कंपन्यांची माणसे गावोगाव फिरत आहेत. एकीची बॅटरी दुसरीला बसत नाही, चार्जर वेगळे. बंधूंनो, अनामत भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: कंपनी बंद पडली किंवा मॉडेल बदलले तर न खपलेला माल परत घेणार काय, सुटे भाग किती वर्षे देणार, आणि वॉरंटीचा भार कोणावर. आणि कंपनीने एकाएकी भाव निम्मे केले तर खूश होऊन गोदाम भरू नका. आधी कारण विचारा.

कारागीर बंधूंना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. कंपनी निघून गेल्यावर मालाला खरी साथ देतो तो दुरुस्तीवालाच. किनाऱ्याच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घातली तर हेडही खराब होते. ज्याला टेप साफ करता येते, पट्टा बदलता येतो, ज्याच्याकडे एक चालू व्हीसीआर आहे, त्याने निकाहांच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचे काम जरूर धरावे. मजुरी रास्त घ्यावी आणि कॅसेट वाचेलच असे नाही, हे आधी सांगावे. त्या कॅसेटींत आज हयात नसलेली माणसे चालता-बोलताना दिसतात. ती पुन्हा पाहायला मिळाली तर गिऱ्हाईक त्या कारागिराचे नाव विसरणार नाही.