अरंगेत्रम् : मंच कुणाचा, चढतंय कोण?

अरंगेत्रम् हा तमिळ शब्द. अरंगु म्हणजे रंगमंच, एट्रम् म्हणजे चढणं. मंचावर चढणं, बस्स, एवढाच अर्थ. पण कोण चढतं, कुणाला ढकलून चढतं आणि वर गेल्यावर शिडी कोण ओढून घेतं, हे शब्दकोशात सापडत नाही. ते आपण विचारायचं असतं. आज विचारतो.

भरतनाट्यम् शिकलेल्या पोरीचा पहिला जाहीर कार्यक्रम म्हणजे अरंगेत्रम्. माटुंगा, चेंबूर, पुणे, जिकडं तिकडं होतात. सात-आठ वर्षं घाम गाळलेली पोरगी दोन-अडीच तास एकटी नाचते. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, शेवटी तिल्लाना. गुडघे वाकवून अर्धं बसायचं आणि तसंच टाचा आपटत राहायचं. हे काम आहे, मेहनत आहे. त्या मेहनतीला माझा सलाम. माझं भांडण पोरीशी नाही.

भांडण आहे ते मध्यंतरात माईक धरणाऱ्या पाहुण्याशी. शालीची घडी सावरत तो म्हणतो, ही आपली हजारो वर्षांची पवित्र परंपरा! कुणाची रे बाबा? 'आपली' म्हणजे नेमकी कुणाची?

शंभर वर्षांमागं या नाचाला सदिर म्हणत, दासीआट्टम् म्हणत. नाचणाऱ्या होत्या देवदासी. शिकवणारे होते त्यांच्याच घरातले नट्टुवनार. अलारिप्पू ते तिल्लाना हा जो क्रम आज वेदवाक्यासारखा पाळतात, तो बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी, एकोणिसाव्या शतकात, तंजावरच्या दरबारात. तिथला राजा होता दुसरा सरफोजी, राज्य १७९८ ते १८३२. म्हणजे भोसला. तंजावरच्या मराठी राज्याचं नाव निघालं की आपल्याकडं छात्या फुगतात. त्यातल्या किती जणांना या चौघांची नावं ठाऊक आहेत? आणि त्यांच्या तालावर ज्या बाया नाचल्या, त्यांची तर नावं विचारूच नका.

मग १८९० च्या दशकापासून नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. देवाला पोरी सोडणं बंद व्हायलाच पाहिजे होतं, यात दुमत नाही. ती लढाई लढलेल्या बायाही त्याच घरांतल्या होत्या. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डींची आई देवदासी समाजातली. मूवलूर रामामिर्तम् अम्मैयार स्वतः त्यातून बाहेर पडल्या, पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत उतरल्या, १९३६ साली त्यावर कादंबरी लिहिली. मद्रासचा कायदा १९४७ साली झाला, मुंबई इलाख्याचा त्याआधीच १९३४ साली.

पण गंमत बघा. प्रथा मोडत होती त्याच वेळी नाच उचलला जात होता. ई. कृष्ण अय्यर आणि मद्रासची म्युझिक अकादमी यांनी १९३० च्या दशकात त्याला भरतनाट्यम् हे नाव रूढ केलं. डिसेंबर १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत नाचल्या. शिकल्या होत्या पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिल्लैंकडं, म्हणजे पुन्हा नट्टुवनाराकडंच. १९३६ साली कलाक्षेत्र निघालं. शृंगार गाळला, वेश बदलला, मंचावर नटराज आणून बसवला. याला म्हणाले शुद्धीकरण. म्हणजे बाई अशुद्ध, तिची विद्या मात्र शुद्ध करून वापरायची! ज्या घरात नाच जन्मला तिथल्या पोरींना नाचणं ही लाज झाली, आणि ज्या घरात नाच ही शिवी होती तिथं तो संस्कार झाला. एक बालसरस्वती तेवढी शेवटपर्यंत ताठ राहिली. १९२५ साली, सातव्या वर्षी, कांचीपुरमच्या देवळात तिचं अरंगेत्रम् झालं होतं. शृंगार हाच या नाचाचा प्राण, हे ती १९८४ ला मरेपर्यंत सांगत राहिली. आज नृत्य पिल्लै ही त्याच परंपरेतली नर्तिका हाच सवाल जाहीर करते, तर तिला म्हणतात, कलेत जात आणू नका. च्यायला! जात आणली कुणी?

आता कुणी म्हणेल, त्या बाया काही दलित नव्हत्या, तुला काय पडलंय? बरोबर. नव्हत्या. त्या देवळात नाचत होत्या तेव्हा आपली माणसं देवळाबाहेर होती. मदुरेच्या मीनाक्षीच्या देवळात अस्पृश्यांचा पाय पडला तो १९३९ साली. मयताला पराई वाजवायची ती परैयरांनी. त्या पराईचं कुणी अरंगेत्रम् केलं नाही. पण लुटीची रीत एकच आहे. आणि आपल्या घरातही चाळ बांधलेल्या बाया होत्याच ना? विठाबाई नारायणगावकर मांगाच्या घरातली. दिल्लीत राष्ट्रपतींच्या हातून मान घेतला आणि २००२ साली हलाखीत मेली. आता तिच्या नावानं सरकारी पुरस्कार निघतो. एकीच्या पायात घुंगरू ते संस्कृती, दुसरीच्या पायात चाळ ते चाळे!

हे सगळं आज का उगाळतोय, ते सांगतो. आमच्या वसाहतीतली एक पोरगी गेली नऊ वर्षं भरतनाट्यम् शिकते. बाप महापालिकेत झाडूखात्यात. आता तिचं अरंगेत्रम् ठरलंय. हॉल, मृदंगम्, व्हायोलिन, गायक, कांजीवरमचे शिवलेले पोशाख, दागिने, मेकअपवाला, जेवणावळ. बाप पीएफमधून उचल घेतोय. लग्न करतो तसंच समजायचं, म्हणतो. पोरीनं क्लासच्या बाईंना विचारलं, वर्णम् आम्रपालीवर करू का? वैशालीची गणिका, तथागतांच्या संघात आली, थेरीगाथेत जिची कविता आहे, ती. बाई म्हणाल्या, मार्गम् मध्ये असलं बसत नाही, आपण देवीचंच करू. पोरगी मला म्हणाली, "दादा, मी मागच्या रांगेतली असते तर हरकत नव्हती. पण हे तर माझं अरंगेत्रम् आहे ना?"

वसाहतीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सोड हा बामणी नाच. बाबासाहेबांनी जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या, देवदासींना ते जिणं टाकायला सांगितलं, आणि आपण परत घुंगरू बांधायचे? दुसरा म्हणतो, गप बसा, पोरगी पुढं जातेय, देवी तर देवी.

मला दोन्ही पटत नाहीत. बाबासाहेबांनी गुलामी टाकायला सांगितली, पाय बांधून ठेवायला नाही. देवाला सोडलेली बाई आणि स्वतःच्या मर्जीनं शिकलेली पोरगी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि हा नाच बामणी आहे असं म्हणणं म्हणजे चोराच्या नावावर सातबारा करून देणं. पण देवी तर देवी म्हणून मान खाली घालायची, तर नऊ वर्षांच्या मेहनतीचं फळ काय? फक्त त्यांच्या पंगतीत बसायची परवानगी?

मार्गम् मध्ये बसत नाही म्हणता? मार्गम् काही आभाळातून पडलं नाही. चार माणसांनी बसवलं, तेही पोटापाण्यासाठी दरबारात राहून. वर्णम् मध्ये देवाच्या जागी आश्रयदाता राजाही बसत होता. राजा चालतो, मग गणिकेची भिक्षुणी झालेली बाई का चालत नाही? तालाला जात नसते. ती निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याच्या डोक्यात असते.

म्हणून शिकणाऱ्या पोरापोरींना आणि त्यांच्या आईबापांना माझं म्हणणं सरळ आहे. शिका, मंचावर चढा. पण पत्रिकेवर गुरूंच्या नावाआधी त्या चार भावांची, बालसरस्वतीची नावं छापा. हा नाच देवदासींचा होता, हे वाक्य माईकवरून बोला, पाहुणा खुर्चीत चुळबुळला तर चुळबुळू द्या. आपल्याला काय सांगायचं ते आपण ठरवा. आणि कर्ज काढून अरंगेत्रम् करू नका. तंजावरच्या क्रमात जेवणावळ नाही. चार पोरी मिळून करा, विहाराच्या सभागृहात करा, वसाहतीच्या पटांगणात करा. जिथं आपली माणसं बसलीत तोच अरंगु.

आमची पोरगी अजून क्लासमध्ये भांडतेय. आम्ही तिच्या मागं उभे आहोत. बाईंनी ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर पीएफचे पैसे पीएफमध्येच राहतील, मृदंगवाला आम्ही शोधू, आणि आम्रपाली आमच्या पटांगणात उभी राहील.

जय भीम!