गिरण्या गेल्या, वाद्यवृंद उरला

१/ स्वीडनच्या ओस्टरयोटलंड प्रांतात, मोताला नदीच्या काठी, नोर्शोपिंग नावाचे शहर आहे. कापड आणि लोकर यांच्या गिरण्यांमुळे त्याला एके काळी ‘स्वीडनचे मँचेस्टर’ म्हणत. आज त्या गिरण्यांपैकी एकही चालत नाही. १९१२ मध्ये स्थापन झालेला तेथील सिंफनी ऑर्केस्ट्रा मात्र अखंड चालू आहे. तो जनतेच्या पैशावर चालावा का, या प्रश्नाचा हा धागा.

२/ मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम आठवतो. येथे अर्थ वेगळा आहे: तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये आणि तालवाद्ये वाजवणारे, मासिक वेतनावर नेमलेले कायमस्वरूपी वादक, आणि त्यांना एका सूत्रात बांधणारा संचालक. ही एक संस्था आहे आणि संस्थेला खर्च असतो.

३/ १९१२ हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी येव्ले आणि हेलसिंगबोर्ग या शहरांतही वाद्यवृंद उभे राहिले. तिन्ही शहरे राजधानीबाहेरची, व्यापाराची आणि कारखान्यांची. राजाश्रयाची परंपरा स्टॉकहोमच्या दरबाराकडे होती. या शहरांना आपला आश्रय आपणच निर्माण करावा लागला.

४/ पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी स्वस्त मालापुढे नोर्शोपिंगचे कापड टिकेना. एकेक गिरणी मिटत गेली आणि १९७० मध्ये शेवटची मोठी लोकरगिरणीही बंद झाली. १९८६ मध्ये शहराच्या मध्यभागी असलेला होल्मेनचा कागद कारखाना थांबला. हजारो कुटुंबांचा रोजगार आणि शहराची ओळख एकाच पिढीत नाहीशी झाली.

५/ येथेच सर्वांत टोकदार प्रश्न उभा राहतो. गिरणी तोट्यात गेली तेव्हा बाजाराच्या न्यायाने तिला टाळे लागले. वाद्यवृंद तर तिकिटांच्या उत्पन्नावर कधीच तगला नसता. मग कामगाराला एक न्याय आणि व्हायोलिनवादकाला दुसरा, असे का? हा प्रश्न असूयेचा म्हणून झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

६/ उत्तराचा पहिला भाग अर्थशास्त्राचा आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६६ मध्ये तो मांडला. यंत्रे सुधारली की एक कामगार पूर्वीच्या कित्येक पट कापड विणतो. बीथोवेनच्या पाचव्या सिंफनीला मात्र १८०८ मध्ये जितके वादक आणि जितका वेळ लागला, साधारण तितकाच आजही लागतो. इतर क्षेत्रांबरोबर वादकांचे वेतन वाढते. उत्पादकता वाढू शकत नाही.

७/ म्हणजे वाद्यवृंदाचा तोटा हा गैरव्यवस्थेचा पुरावा नसतो. तो त्या कलेच्या घडणीतच असतो. समाजाला ही कला हवी असेल तर कोणीतरी फरक भरून द्यावा लागतो. स्वीडनमध्ये तो भार राज्यसंस्था, प्रांत आणि नगरपालिका मिळून उचलतात.

८/ यामागे विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. १९७४ मध्ये स्वीडनच्या संसदेने सांस्कृतिक धोरणाची उद्दिष्टे ठरवली. कलेचे विकेंद्रीकरण आणि व्यापारीकरणाच्या दुष्परिणामांना प्रतिकार, ही त्यांपैकी दोन. २०११ पासून राष्ट्रीय निधीचा मोठा वाटा प्रांतांमार्फत वाटला जाऊ लागला. राजधानीत जे मिळते ते प्रांतातही मिळावे, हा त्यामागचा समतेचा आग्रह.

९/ पण समतेचा आग्रह पुरेसा नाही. त्या पैशातून काय निपजले, हे पाहायला हवे. १९५४ मध्ये नोर्शोपिंगने हर्बर्ट ब्लूमस्टेड्ट या जेमतेम २७ वर्षांच्या तरुणाला प्रमुख संचालक नेमले. पुढे ड्रेस्डेन, सॅन फ्रान्सिस्को आणि लाइपझिग येथील मातब्बर वाद्यवृंदांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. ऑस्ट्रियाचे फ्रान्झ वेल्झर-म्योस्ट यांनीही विशीत येथेच प्रमुख संचालकपद भूषवले.

१०/ त्याहून बोलके उदाहरण एव्हरेट ली यांचे. १९१६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय संगीतकाराने १९५३ मध्ये लुईव्हिलच्या वाद्यवृंदाचे संचालन केले. वर्णभेदाने ग्रासलेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागात श्वेतवर्णीय वाद्यवृंदापुढे कृष्णवर्णीय संचालक उभा राहण्याची ती पहिली वेळ. १९५५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क सिटी ऑपेरात ‘ला त्राव्हियाता’ सादर केले. तरीही कोणत्याही मोठ्या अमेरिकी वाद्यवृंदाने त्यांना प्रमुखपद दिले नाही.

११/ ते नोर्शोपिंगने दिले. १९६२ ते १९७२ अशी १० वर्षे ली तेथे प्रमुख संचालक होते. म्हणजे गिरण्यांच्या अखेरच्या घरघरीच्या काळात. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने त्यांना प्रथम पाचारण केले ते १९७६ मध्ये. तोवर ते साठीला टेकले होते. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी, स्वीडनमध्येच त्यांचे निधन झाले.

१२/ नोर्शोपिंग पुण्यवान होते म्हणून असे घडले, असा भाबडा निष्कर्ष काढू नये. मध्यम शहराच्या वाद्यवृंदाला नामवंत परवडत नाहीत. त्यामुळे त्याला अजून नाव न झालेल्या तरुणांकडे, किंवा इतरांनी दार लावून घेतलेल्या गुणवंतांकडे पाहावे लागते. साधनांची मर्यादा येथे दृष्टीची व्यापकता झाली.

१३/ हेच रचनांच्या निवडीत दिसते. अलान पेटरसन हे स्टॉकहोमच्या गरीब वस्तीत वाढलेले, लोहाराचे पुत्र. संधिवाताने बोटे आखडल्यावरही सिंफनी लिहीत राहिलेले. त्यांच्या रचना दीर्घ, कठोर आणि तिकीटबारीला प्रतिकूल. नवव्या सिंफनीलाच तासाहून अधिक वेळ लागतो. नोर्शोपिंगच्या वादकांनी लेइफ सेगेरस्ताम आणि नंतर क्रिस्तियान लिंडबेर्ग यांच्या संचालनाखाली त्यांच्या सिंफनींचे वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रण केले. अपूर्ण राहिलेली पहिली सिंफनीही वाजवण्याजोगी करून घेतली. निव्वळ नफ्याचा हिशेब मांडणाऱ्या कोणी हे काम हाती घेतले असते का?

१४/ १९९४ पासून वाद्यवृंदाचे घर आहे जुन्या कागद कारखान्याच्या जागेतील सभागृह. त्याला नाव आहे लुई द येर यांचे. सतराव्या शतकात नोर्शोपिंगच्या उद्योगांचा पाया घालणारे हे उद्योजक गुलामांच्या व्यापारात उतरलेल्या स्वीडिश आफ्रिका कंपनीचेही प्रमुख भागधारक होते. ज्या वाद्यवृंदाने एव्हरेट ली यांना सन्मान दिला, त्याच्याच वास्तूवर हे नाव असावे, हा इतिहासाचा विसंवाद झाकून ठेवण्यासारखा नाही.

१५/ आता पुन्हा गिरणी कामगाराच्या प्रश्नाकडे. बंद गिरणीचे कापड दुसरीकडून विकत आणता येते. एखाद्या शहरात राहून तेथील मुलांना शिकवणारे, शेजारच्या गावांत जाऊन वाजवणारे आणि दर आठवड्याला त्याच श्रोत्यांपुढे बसणारे वादक आयात करता येत नाहीत. एकदा ते पांगले की पुन्हा उभे करायला पिढी लागते.

१६/ तरीही अनुदान हा वाद्यवृंदाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. बाजार जे करू शकत नाही ते करण्यासाठी ते दिले जाते. सुरक्षित, सर्वांना पाठ असलेल्या १०-१२ रचनाच वाजवायच्या आणि ठरावीक सुखवस्तू श्रोत्यांनाच रिझवायचे असेल, तर कामगाराचा आक्षेप बिनतोड ठरेल. ली यांची नेमणूक आणि पेटरसन यांचे ध्वनिमुद्रण हेच त्या पैशाचे खरे समर्थन आहे.

१७/ ज्या शहराने रोजगार गमावताना वाद्यवृंद राखला, त्याने त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा ठेवणे रास्तच आहे. प्रत्येक हंगामाची कार्यक्रमपत्रिका हे त्या अपेक्षेला दिलेले उत्तर असते, आणि करदात्याने ती त्याच नजरेने वाचावी.