गटारं, रस्ते आणि गाझा

महापालिकेचं काम काय? रस्ते, गटारं, पाणी, दिवाबत्ती. मग गाझातल्या युद्धावर ठराव कशाला? २०२३ च्या अखेरीपासून अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत हा प्रश्न विचारला गेला. आपल्याकडेही विषय निघाला की कट्ट्यावर हेच ऐकायला मिळतं. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आणि सीमाभागातली मराठी मुलगी म्हणून मला यावर बोलायचंय.

आधी घडलं काय ते बघू. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला करून इस्रायलमधली सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यावर इस्रायलने गाझावर बॉम्बवर्षाव सुरू केला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या रिचमंड या छोट्या शहराच्या कौन्सिलने गाझातल्या पॅलेस्टिनी जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला. चर्चा मध्यरात्र उलटून गेली. शहरातल्या अनेक ज्यू रहिवाशांनी विरोध केला, आमचं दुःख यात कुठंय म्हणून विचारलं.

मग ३१ जानेवारी २०२४ ला शिकागो. मतं पडली २३-२३. महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी निर्णायक मत देऊन ठराव पार केला. आदल्या दिवशी तिथल्या शाळांतली शेकडो पोरं वर्ग सोडून बाहेर पडली होती. या ठरावात युद्धबंदी होती, गाझाला मदत पोचवण्याची मागणी होती आणि ओलिसांच्या सुटकेचीही होती. मला हा मसुदा जास्त पटतो. पॅलेस्टिनी माणसाच्या बाजूने उभं राहायला दुसऱ्या कुणाचं मरण लपवावं लागत नाही.

ठरावाने बॉम्ब थांबले का? नाही. तीनच आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, अमेरिकेने सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या प्रस्तावावर नकाराधिकार वापरला. मग उपयोग काय? शिकागोकर जो कर भरतात, त्यातूनच अमेरिका इस्रायलला वर्षाला ३.८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते. त्या परिसरात हजारो पॅलेस्टिनी कुटुंबं राहतात. आपल्या पैशाने काय चाललंय यावर बोलायला त्यांना सर्वांत जवळचं दार नगरसेवकाचंच. संसद लांब असते, वॉर्ड जवळ असतो.

आता आपल्याकडे या. 'महापालिकेने गटारंच बघावीत' हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं गेलं. तेव्हाही सांगितलं गेलं की हा तुमचा विषय नव्हे. ठरावाला कायद्याची ताकद नसते, हे खरं. पण निव्वळ कागद असता तर सरकार एवढं बिथरलं असतं का? ठराव म्हणजे निवडून आलेल्या माणसांनी नोंदवहीत लिहिलेली साक्ष. ती पुसता येत नाही, म्हणून तर भीती वाटते.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मान्य. सीमाप्रश्न आपल्या स्वतःच्या जगण्याचा आहे, गाझा हजारो किलोमीटर लांब. आपल्याकडे कुणी ओरडून सांगितलं म्हणून नेतान्याहू ऐकणार नाहीत. पण दिल्ली आपली आहे. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली. २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपण तटस्थ राहिलो, १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं. म्हणजे भूमिका बदलू शकते. आमच्या वतीने मत देणाऱ्या सरकारला 'माणसं वाचवण्याच्या बाजूने राहा' असं सांगायचा हक्क कुठल्याही ग्रामसभेला असला पाहिजे.

मित्रांनो, तुम्हाला गाझाबद्दल माझं मत पटलंच पाहिजे असं नाही. ठरावाच्या मजकुरावर भांडा, एकेका शब्दावर भांडा. पण 'स्थानिक संस्थेने तोंड उघडू नये' हा मुद्दा कृपा करून वापरू नका. सीमाभागातल्या आपण तो वापरला, तर ज्या फांदीवर बसलोय तीच तोडतोय.